उपेक्षित काडतुसें

रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्याच्या, किनाऱ्यावर मुरुडच्या दक्षिणेस राजपुरीच्या खाडीकांठीं आगरदांडा हें बंदर वसलेलें आहे. समोरच्या तीरावर दिघी आहे, खाडीच्या मुखाशीं सिद्द्यांचा जंजिरा पाण्यांत उभा आहे, आणि पाठीमागें मुरुड व रोहें या तालुक्यांच्या डोंगरांवर फणसाडचें रान पसरलेलें आहे. जंजिऱ्यावर जाणारा प्रवासी कलाल बांगडी, चावरी व लांडा कासम या तीन तोफा पाहिल्यावांचून परतत नाहीं. त्यांच्या लांबीची व वजनाची चर्चा होडी किनाऱ्याला लागेपर्यंत चालू राहते. फणसाडच्या रानांत अशी पाहण्याजोगी तोफ नाहीं. तेथें ज्या शस्त्रांनीं काम केलें तीं खांद्याला लावण्याचीं होतीं, आणि त्यांचा सारा जीव बोटाएवढ्या पितळी काडतुसांत होता. मोठ्या आवाजाला मोठें नांव मिळतें हा जगाचा नियम आहे. तो तोफांना जसा लागू पडला तसा काडतुसांनाहि पडला. ज्यांनीं खांद्याला मोठा धक्का दिला त्या काडतुसांचीं वर्णनें शिकारकथांतून भरपूर आलीं. ज्यांनीं निमूटपणें काम केलें तीं विस्मृतींत गेलीं. या दुसऱ्या वर्गांतील कांहीं काडतुसांचा इतिहास पाहिला तर शस्त्राची योग्यता कशावरून ठरवावी, याविषयींची रूढ समजूत बरीचशी बदलावी लागते.

फणसाड हें जंजिरा संस्थानचें राखीव शिकारीचें रान होतें. या भागांत रानांतील पाणवठ्याच्या जागेस ‘गाण’ म्हणतात. उन्हाळ्यांत इतरत्र पाणी आटलें कीं जनावरें गाणावर येतात. बिबळ्या, सांबर, भेकर, पिसोरी, रानडुक्कर हे तेथले रहिवासी. झाडी दाट, वाटा अरुंद आणि नजर पोंचण्याचें अंतर थोडें. अशा रानांत शंभर पावलांपलीकडे बार टाकण्याचा प्रसंग क्वचितच यावयाचा. ही गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. कारण काडतुसाची परीक्षा रानावरून व सावजावरून करावयाची असते, कारखानदाराच्या जाहिरातीवरून नव्हे.

‘काडतूस’ हा शब्दहि समुद्रावरून आलेला आहे. पोर्तुगीज भाषेंतील ‘कार्तुशु’ या शब्दाचें तें मराठी रूप. आगरदांड्याच्या उत्तरेस चौल-रेवदंड्याला पोर्तुगीजांचें ठाणें दोनशें वर्षांहून अधिक काळ होतें. १७४० सालीं तें मराठ्यांच्या हातीं आलें. अशा ठाण्यांच्या शेजारानें जे अनेक शब्द मराठींत रुळले त्यांपैकींच हा एक. त्या काळीं काडतूस म्हणजे कागदाची लहानशी पुडी असे. ठासणीच्या बंदुकींत तोंडाकडून दारू ओतावयाची, वर बोळा घालावयाचा, मग गोळी सोडून गजानें ठासावयाची, हा खटाटोप लढाईच्या गर्दींत फार वेळ खाई. म्हणून एका बारापुरती दारू व गोळी कागदांत आधींच बांधून ठेवीत. शिपायानें पुडीचें तोंड दातांनीं फाडावें, दारू नळींत ओतावी आणि गोळी ठासावी, अशी रीत होती.

याच कागदी पुडीनें १८५७ सालीं हिंदुस्थानचा इतिहास हलविला. नव्या एन्फील्ड बंदुकीच्या नळीला आंतून पेचदार आटे होते. गोळी त्या आट्यांतून सुलभपणें उतरावी यासाठीं काडतुसाला चरबीचा लेप देत. ती चरबी गाईची व डुकराची असल्याची वार्ता डमडमच्या छावणींतून पसरली, आणि मार्च महिन्यांत बराकपूरला मंगल पांडे यांनीं शस्त्र उचललें. कुलाबा जिल्ह्यांतीलच पेणजवळच्या वरसई गांवचे विष्णुभट गोडसे त्याच वर्षीं उत्तरेकडे निघाले होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथांत काडतुसांची ती हकीगत आलेली आहे. बंडाचीं कारणें पुष्कळ व खोल होतीं, हें खरें. परंतु ठिणगी पडली ती एका काडतुसावरून. आणि नेमक्या त्याच १८५७ सालीं अमेरिकेंत स्मिथ आणि वेसन या जोडीनें एक अगदीं चिमुकलें धातूचें काडतूस विक्रीस आणलें. त्याच्या नळीचा व्यास इंचाचे बावीस शतांश एवढाच होता. जगानें तेव्हां त्याकडे फारसें पाहिलें नाहीं. त्या बावीस नंबरच्या वंशाची कथा पुढें यावयाची आहे.

१८५७ च्या प्रसंगानंतर दहा वर्षांच्या आंतच ब्रिटिश सैन्यांतून कागदी पुडी मागें पडूं लागली. १८६६ सालीं कर्नल बॉक्सर यांनीं स्नायडर बंदुकीसाठीं धातूच्या कोशाचें काडतूस सिद्ध केलें. कोश, त्याच्या बुडाला बसविलेली टोपी, आंत दारू आणि तोंडाशीं गोळी असे चारहि घटक एका जिनसांत आले. चाप ओढल्यावर सुईचा आघात टोपीवर होतो, टोपींतील रसायन पेटतें, त्याची ज्वाला दारूला लागते आणि वायूच्या दाबानें गोळी पुढें सुटते. त्याच क्षणीं पितळी कोश फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटतो व वायूला मागें येऊं देत नाहीं. दाब उतरला कीं तो पुन्हा आकसतो आणि सहज बाहेर निघतो. पितळेच्या या लवचिकपणामुळेंच मागून भरण्याची बंदूक निर्धोक झाली. हा बदल महाराष्ट्रालाहि लवकरच येऊन भिडला. १८६९ सालीं पुण्याजवळ खडकी येथें दारूगोळ्याचा कारखाना निघाला. आणि तेव्हांपासून काडतुसाच्या इतिहासांत खडकीचें नांव कायमचें गोंवलें गेलें.

पुढची क्रांति दारूची होती. १८८४ सालीं पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञानें धूररहित दारू तयार केली. जुन्या काळ्या दारूची शक्ति मर्यादित असे. म्हणून मोठ्या जनावरासाठीं मोठी गोळी व तिच्यासाठीं रुंद नळी, हाच एक मार्ग होता. नव्या दारूनें गोळीचा वेग पुष्कळ वाढला, आणि नळी अरुंद करूनहि काम भागूं लागलें. ब्रिटिश सैन्यानें १८८८ सालीं ३०३ बोअरचें काडतूस स्वीकारलें. प्रारंभीं त्यांत काळीच दारू होती, परंतु थोड्याच वर्षांत कॉर्डाइट आलें. रायफलीच्या संदर्भांत ३०३ बोअर म्हणजे नळीचा व्यास इंचाचे ३०३ सहस्रांश. आधींच्या मार्टिनी-हेन्री बंदुकीची नळी ४५० सहस्रांशांची होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे केवढा फरक पडला तें कळतें.

या वाढलेल्या वेगानें एक नवाच प्रश्न उभा केला. उघडें शिसें एवढ्या वेगांत नळीच्या आट्यांत टिकेना, म्हणून गोळीवर कठीण धातूचें आवरण चढवावें लागलें. अशी गोळी शरीरांतून सरळ आरपार जाई आणि जखम लहान होई. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेंत शत्रूचा माणूस गोळी लागूनहि पुढें येतो, अशी तक्रार झाली. तेव्हां डमडमच्या शस्त्रागारांत कॅप्टन बर्टी-क्ले यांनीं टोंकाचें शिसें उघडें ठेवलेली गोळी बनविली. ती शरीरांत शिरतांच फुलून पसरे. तिचा युद्धांतील वापर क्रूर ठरून १८९९ सालच्या हेग येथील परिषदेंत अशा गोळ्यांविरुद्ध जाहीरनामा झाला. परंतु रणांगणावर जें निषिद्ध ठरलें तेंच शिकारींत आवश्यक मानलें गेलें. आवरणाची गोळी सांबराच्या किंवा डुकराच्या शरीरांतून आरपार निघून जाते, जनावर जखमी होऊन झाडींत शिरतें आणि तेथें तळमळत मरतें. जखमी बिबळ्या असेल तर दुसऱ्या दिवशीं लाकूडफाट्यासाठीं रानांत गेलेल्या माणसाच्या जिवावर बेततें. फुलणारी गोळी योग्य ठिकाणीं लागली तर सावज जागच्या जागीं पडतें. म्हणजे काडतुसाच्या आकड्यापेक्षां त्याच्या टोंकावरील गोळीची घडण अधिक महत्त्वाची होती. परंतु शिकाऱ्यांच्या बैठकींत चर्चा चाले ती आकड्यांची.

या आकड्यांत सर्वांत प्रतिष्ठित होता ४५०. लंडनचे जॉन रिग्बी यांनीं १८९८ सालीं कॉर्डाइटवर चालणारें ४५० चें मोठें काडतूस बाजारांत आणलें. ४८० ग्रेन, म्हणजे सुमारें ३१ ग्रॅम वजनाची गोळी त्यांतून सुटे. दोन नळ्यांची भारी विलायती रायफल आणि तिच्यासाठीं हें काडतूस, हें हिंदुस्थानांतील साहेबाच्या व संस्थानिकाच्या शिकारीचें भूषण झालें. हत्ती, गवा किंवा अंगावर धांवून येणारा वाघ यांच्यापुढें त्याची उपयुक्तता निःसंशय होती. परंतु १९०७ सालीं त्याच्यावर एक अनपेक्षित संकट कोसळलें. ४५० बोअरच्या रायफली व काडतुसें हिंदुस्थानांत आणण्यास सरकारनें बंदी केली. कारण शिकारीशीं अगदीं असंबद्ध होतें. जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुका बंडखोरांच्या हातीं होत्या, आणि ४५० च्या गोळ्या त्यांना उपयोगी पडतील अशी धास्ती होती. १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्यानें हिंदी प्रजेला परवान्यावांचून शस्त्र बाळगण्याची मनाई आधींच केली होती, तर युरोपियनांना मोकळीक होती. १९०७ ची बंदी त्याच भयाची पुढची पायरी. विलायतेंतील बंदूकवाल्यांनीं तिच्यावर तोड काढली. ४६५, ४७०, ४७५, ४७६ असे शेजारचेच आकडे घेऊन त्यांनीं हिंदुस्थानच्या बाजारासाठीं काडतुसें पुढें केलीं. जनावराला त्यांतला फरक जाणवण्याचें कारण नव्हतें. ४७० ला पुढें जी जगभर कीर्ति लाभली तिचें बरेंचसें श्रेय या सरकारी हुकुमाला आहे. काडतुसाची प्रतिष्ठा केवळ गुणांवर ठरत नाहीं, कायद्याच्या एका ओळीनेंहि ती फिरते, याचें याहून स्पष्ट उदाहरण मिळणें कठीण.

मोठ्या आकड्यांची ही धांवपळ चालली असतां एक लहान काडतूस शांतपणें आपलें काम करीत होतें. तें म्हणजे मौझरचें सात मिलिमीटरचें काडतूस. जर्मनींत तें १८९२ च्या सुमारास तयार झालें आणि १८९३ सालीं स्पेनच्या सैन्यानें तें घेतलें. १८९९ ते १९०२ च्या युद्धांत दक्षिण आफ्रिकेंतील बोअर शेतकऱ्यांनीं याच काडतुसानें ब्रिटिश सैन्याला दूर अंतरावरून हैराण केलें. त्याची मूळ गोळी १७३ ग्रेनची, म्हणजे ११ ग्रॅमची. ४५० च्या गोळीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याची. मग एवढ्याशा गोळीचा प्रभाव कशांत होता? ती बारीक असून लांब होती. एकाच वजनाच्या दोन खिळ्यांपैकीं लांब व सडपातळ खिळा लाकडांत अधिक खोल जातो, तसेंच हें. शिवाय धक्का सौम्य असल्यामुळें नेमबाज चाप ओढतांना दचकत नसे. खांद्याच्या भीतीनें डोळे मिटणाऱ्या माणसाच्या हातांतील मोठ्या रायफलीपेक्षां स्थिर हातांतील लहान रायफल केव्हांहि श्रेष्ठ.

रिग्बीच्या पेढीनें हेंच काडतूस हलक्या गोळीसह २७५ या इंग्रजी आकड्याखालीं विकलें. त्या रायफलीचा हिंदुस्थानांतील सर्वांत प्रसिद्ध धनी म्हणजे जिम कॉर्बेट. १९०७ सालीं कुमाऊंतील चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला त्यांनीं मारलें. चारशेंहून अधिक माणसांचे बळी त्या वाघिणीकडे मोजले जात. त्या प्रसंगीं त्यांच्याजवळ मोठी ५०० बोअरची रायफल होती, परंतु काडतुसें तीनच. तीं संपलीं आणि अखेरचा बार तहसीलदारांच्या जुन्या बंदुकीनें टाकावा लागला. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनीं त्यांना रिग्बीची २७५ ची रायफल भेट दिली. १२५ माणसांचे बळी घेणारा रुद्रप्रयागचा बिबळ्या २ मे १९२६ च्या रात्रीं पडला तो २७५ च्याच गोळीनें. आफ्रिकेंत वॉल्टर बेल नांवाच्या शिकाऱ्यानें हजारावर हत्ती मारले, आणि त्यांतील बहुतेक सात मिलिमीटरच्या आवरणाच्या गोळीनें. हत्तीच्या कवटीची रचना त्यानें कापून अभ्यासिली होती आणि मेंदूची जागा त्याला बाजूनें, पुढून, मागून अचूक ठाऊक होती. सामान्य माणसानें त्याचें अनुकरण करावें असें मुळींच नाहीं. कॉर्बेटसुद्धां वाघासाठीं पुष्कळदां ४०० बोअरची दोन नळ्यांची भारी रायफल वापरीत. परंतु बिबळ्या, सांबर, डुक्कर या पल्ल्यांतील जनावरांसाठीं सात मिलिमीटर पुरेसें होतें, आणि कोंकणच्या रानांत जनावरें होतीं तीं याच पल्ल्यांतलीं.

तथापि रिग्बीची रायफल ही श्रीमंताची वस्तु होती. सामान्य परवानेदाराच्या वाट्याला आलें तें दुसरेंच एक काडतूस, आणि खरी उपेक्षा झाली ती त्याची. तें म्हणजे ३१५ बोअर. सैन्याचें ३०३ काडतूस खासगी माणसाच्या हातीं जाऊं नये, हा सरकारचा कटाक्ष होता. सैन्याच्या कोठारांतून चोरलेलें काडतूस ज्यांत बसणार नाहीं अशीच रायफल परवानेदाराला द्यावयाची, असें धोरण ठरलें. त्यासाठीं जें काडतूस पुढें आलें तें मूळचें ऑस्ट्रियाच्या सैन्याचें, मान्लिकर पद्धतीचें आठ मिलिमीटरचें होतें. इंचांत मोजल्यास आठ मिलिमीटरचे ३१५ सहस्रांश होतात, यावरून त्याचें हिंदी नांव पडलें. नशिबाचा खेळ असा कीं १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत ऑस्ट्रिया हें ब्रिटनचें शत्रुराष्ट्र ठरलें. म्हणजे स्वतःच्या सैन्याचें काडतूस प्रजेला नाकारणाऱ्या राज्यांत शत्रूच्या सैन्याचें काडतूस मात्र मान्य होतें.

विलायतेच्या कारखान्यांनीं हिंदुस्थानसाठीं या बोअरच्या रायफली केल्या, आणि कलकत्त्याजवळच्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यांतूनहि त्या बाहेर पडल्या. काडतुसें खडकीला होऊं लागलीं. त्यांच्या बुडावर ‘के. एफ.’ हीं खडकी कारखान्याचीं अक्षरें असतात. ३१५ ची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे सुमारें १६ ग्रॅमची. ३०३ ची मूळ गोळी २१५ ग्रेनची होती. म्हणजे दुय्यम म्हणून दिलेल्या काडतुसाची गोळी अव्वल मानलेल्या काडतुसापेक्षां जड होती. वेग मध्यम, त्यामुळें दोनशें यार्डांपलीकडे गोळी बरीच खालीं येते, हा त्याचा दोष खरा. पण फणसाडसारख्या रानांत दोनशें यार्ड दिसतात कोठें? जवळच्या अंतरावर जड, मऊ टोंकाची आणि मध्यम वेगाची गोळी हेंच दाट झाडींतील उत्तम साधन. अतिवेगाची हलकी गोळी काटकीला लागून चळते किंवा वरच्यावर फुटते. जड गोळीची वाट त्या मानानें कमी बिघडते. असें असूनहि ३१५ विषयीं शिकारग्रंथांत आदराचा शब्द विरळा. त्याचें कारण गुणांत नसून सामाजिक आहे. ग्रंथ लिहिणारे विलायती पेढीच्या रायफली बाळगणारे होते. ३१५ वापरणारा मामलेदार, जंगलखात्याचा अधिकारी, मळेवाला किंवा गांवचा इनामदार सहसा ग्रंथ लिहीत नसे. त्याच्या काडतुसाची कीर्ति त्याच्याबरोबरच संपली. स्वातंत्र्यानंतर राज्य बदललें, १९५९ सालीं शस्त्रांचा नवा कायदा आला, तरी सैन्याचें काडतूस निराळें व नागरिकाचें निराळें ही वाटणी तशीच राहिली आणि ३१५ हीच देशांतील परवानेदाराची नेहमींची रायफल ठरली.

कोंकणांतील शिकारीचा विचार करतांना बारा बोअरच्या बंदुकीला वगळून चालणार नाहीं. येथें बोअरचा अर्थ निराळा आहे. नळींत नेमकी बसणारी शिशाची गोल गोळी घेतली आणि अशा बारा गोळ्यांचें वजन एक पौंड भरलें, तर ती नळी बारा बोअरची. छऱ्याचीं काडतुसें घालून पक्षी मारण्याची ही बंदूक, अशी तिची सामान्य ओळख. परंतु मोठे छर्रे किंवा एकच गोळी घालून तिनें डुक्कर व बिबळ्या यांचाहि समाचार घेतला जाई. खडकीचीं ‘शक्तिमान’ छापाचीं बारा बोअरचीं काडतुसें महाराष्ट्रांतील परवानेदारांच्या घरोघर परिचयाचीं झालीं. याच बंदुकीची एक सुधारलेली जात आज जवळजवळ विसरली गेली आहे. हिंदुस्थानांतील सैन्यांत नांव मिळविलेले कर्नल जॉर्ज फॉस्बेरी यांनीं १८८५ सालीं एक युक्ति काढली. नळी सर्व लांबी गुळगुळीत ठेवावयाची आणि तोंडाजवळच्या थोड्या इंचांतच आटे पाडावयाचे. त्यामुळें एकाच बंदुकींतून छर्रेहि चालत आणि गोळीहि शंभर यार्डांपर्यंत नेमकी जाई. हॉलंड आणि हॉलंड पेढीनें ती ‘पॅराडॉक्स’ या नांवानें विकली. एकाच फेरींत रानकोंबडा आणि बिबळ्या दोन्ही समोर येण्याचा संभव असलेल्या प्रदेशांत याहून सोईस्कर साधन दुसरें नव्हतें. परंतु दोन कामें करणाऱ्याला कोणत्याहि एका कामाचा मान मिळत नाहीं, हा व्यवहार तिच्याहि वाट्याला आला.

आणि या सर्वांच्या खालीं, अगदीं शेवटच्या पायरीवर, शेतकऱ्याची ठासणीची बंदूक होती. तिला काडतूसच नसे. भाताच्या खाचरांत किंवा वरकस जमिनींतील नाचणींत डुकरांचा कळप शिरला तर एका रात्रींत वर्षाचें पीक जाई. अशा शेतकऱ्याजवळ पुडींतली दारू, शिशाचे तुकडे आणि एकच बार असे. तो चुकला तर पुन्हा भरण्यास सवड मिळत नसे. १९५९ च्या कायद्यांतहि पीकरक्षणाच्या परवान्यासाठीं ठासणीच्या बंदुकीचाच उल्लेख आहे. म्हणजे काडतुसाच्या शतकभराच्या प्रगतीचा लाभ ज्याला सर्वांत अधिक हवा होता त्याच्यापर्यंत तो सर्वांत शेवटीं पोंचला, आणि पुष्कळ ठिकाणीं पोंचलाच नाहीं. काडतुसांच्या इतिहासांत ही गोष्ट नोंदविली जात नाहीं. परंतु कोंकणच्या खेड्यांतून पाहिलें तर हीच त्या इतिहासांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय.

शिकारीचें युग आतां संपलें आहे. जंजिरा संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. १९७२ सालीं वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि शिकारीचा छंद बेकायदा ठरला. १९८६ सालीं फणसाडचें रान अभयारण्य म्हणून जाहीर झालें. ज्या गाणावर पूर्वीं बार वाजत तेथें आतां पक्षी व शेकरूं पाहण्यासाठीं मंडळी दबा धरून बसतात. हा बदल इष्टच झाला. सावज मारण्याचा गुण म्हणून ज्या काडतुसांची पूर्वीं तुलना होई, तिचें आतां व्यवहारांत कारण उरलें नाहीं. मग नेमबाजाला काडतुसांचा अभिमान बाळगण्यास जागा कोठें राहिली? ती राहिली नेमबाजीच्या मैदानावर. आणि तेथें राज्य आहे तें १८५७ सालीं जन्मलेल्या त्याच चिमुकल्या बावीस नंबरच्या वंशाचें.

त्या पहिल्या काडतुसापासून १८८७ सालीं ‘लॉन्ग रायफल’ नांवाची त्याची जरा लांब आवृत्ति निघाली. तिची गोळी अवघी ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या किंचित् वर. खांद्याला धक्का जवळजवळ नाहीं, आवाज बेताचा, आणि किंमत कमी. मोठ्या शिकाऱ्यांनीं त्याला मुलांचें खेळणें म्हटलें. परंतु पन्नास मीटरांवरील नेमबाजीच्या जागतिक सामन्यांत हेंच काडतूस वापरलें जातें. तेथें दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त १०.४ मिलिमीटर असतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्यूनिक येथें पन्नास मीटर प्रोन प्रकारांत जागतिक अजिंक्यपद मिळविलें. कोल्हापूर जिल्ह्यांतीलच राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें पन्नास मीटरांच्या तीन आसनांच्या स्पर्धेंत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकाविलें. ४५० च्या भारी रायफलींनीं महाराष्ट्राला जें कधीं दिलें नाहीं तें या अडीच ग्रॅमच्या गोळीनें दिलें.

काडतूस किती मोठें, हा प्रश्न त्यामुळें अपुरा आहे. तें कोणत्या कामासाठीं, किती अंतरावर आणि कोणाच्या हातून वापरलें गेलें, हें पाहिल्यावांचून त्याची योग्यता ठरत नाहीं. सात मिलिमीटरनें नेमकेपणाचें महत्त्व सिद्ध केलें. ३१५ नें बंदीच्या अडचणींतून सामान्य परवानेदाराला एक खात्रीचें साधन दिलें. पॅराडॉक्सनें दाट रानाची गरज ओळखली. आणि बावीस नंबरनें हिंसेवांचूनहि नेमबाजीची विद्या जिवंत राहते हें दाखविलें. इतिहासाच्या अभ्यासकालाहि यांत काम आहे. जुन्या नाण्यावरील अक्षरांवरून टांकसाळ व काळ ठरवितात, त्याप्रमाणें रिकाम्या कोशाच्या बुडावरील अक्षरांवरून कारखाना व बोअर ओळखतां येतात, आणि लष्करी काडतुसांवर वर्षहि सांपडतें. परवान्यांचीं दप्तरें, बंदूकवाल्यांच्या वह्या आणि असे कोश एकत्र ठेवून पाहिले तर कोणाला कोणतें शस्त्र मिळालें आणि कोणाला नाकारलें गेलें, याचा विश्वसनीय वृत्तांत तयार होईल. जंजिऱ्याच्या तोफांचें वर्णन करणाऱ्या कोणत्याहि पुस्तकाइतकाच तो वाचनीय ठरेल. आणि त्यांत आगरदांड्याच्या पाठीमागच्या खाचरांत रात्रभर जागणाऱ्या शेतकऱ्यालाहि त्याची जागा मिळेल.